गॅस शुद्ध होतो तो मोजमापाने

लोणारच्या सरोवराचे पाणी नुसते खारट नाही, कमालीचे क्षारधर्मी आहे. त्याचा सामू साडेनऊ ते साडेदहाच्या घरात मोजला गेला आहे. अशा पाण्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही त्या काळ्या चिखलात, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव राहतात. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था इथल्या योगेश शौचे, दिलीप रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चिखलातून मिथेनोकॅल्क्युलस आणि मिथेनोक्युलियस या दोन कुळांतले जीव वेगळे काढले आणि २००७ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे २०१२ मध्ये आणखी एका अभ्यासात मिथेनोलोबस हे तिसरे कूळ याच गाळात कार्यरत असल्याचे दिसले. मिथेनोलोबसची वाट वेगळी आहे. ते मिथाइल गट असलेल्या संयुगांवर जगते. पहिली दोन कुळे मात्र हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून त्यांचा मिथेन बनवतात. मिथेनोक्युलियसचे भाऊबंद युरोपातल्या बायोगॅस शुद्ध करणाऱ्या भांड्यांतही मोठ्या संख्येने सापडतात. म्हणजे बायोगॅसमधला निरुपयोगी कार्बन डायऑक्साइड इंधनात बदलण्याची जी क्रिया आज प्रयोगशाळा आणि कारखाने साधू पाहत आहेत, ती बुलढाणा जिल्ह्याच्या एका खड्ड्यात माणसाच्या मदतीशिवाय चालू आहे. फरक एवढाच की सरोवराला कुणाला ठरावीक प्रतीचा गॅस ठरावीक वेळी द्यायचा नसतो. आपल्याला तो द्यायचा असतो, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

ही अडचण नेमकी कुठे आहे, याबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे. बायोगॅसची चर्चा निघाली की ती शेण किती, काडीकचरा किती, टाकी केवढी आणि अनुदान किती, एवढ्यावर फिरते. या लेखाचे म्हणणे असे की बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कच्च्या मालापेक्षा आणि टाकीपेक्षा शुद्धीकरणाच्या भांड्यात काय चालले आहे हे कळणे आणि त्यावर ताबा ठेवणे हा कळीचा प्रश्न आहे. त्यासाठी लागणारी दोन साधने म्हणजे मोजमाप आणि गणिती प्रारूप. यंत्र विकत घेण्याच्या आधी या दोहोंवर पैसा आणि माणसे लावायला हवीत.

बायोगॅस आपल्याला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्ण आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस काढून त्यावर दिवे लावले होते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांच्या तरंगत्या झाकणाच्या टाकीला खादी व ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेले आणि ‘गोबरगॅस’ हा शब्द घरात रुजला. या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा, सोबत पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड. चुलीला असा गॅस चालतो. गोठ्यामागे टाकी बांधून भाकरी भाजणाऱ्या घराला शुद्धीकरणाची काहीही गरज नाही, आणि त्या घराला संगणक विकायला जाणे हा वेडेपणा ठरेल. पण हाच गॅस दाबाखाली भरून वाहनात घालायचा किंवा नळवाहिनीत सोडायचा म्हटला की भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६०८७ हे मानक लागू होते. मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४ टक्के, ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आत आणि गंधकाचे प्रमाण घनमीटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत. कच्च्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात दीड हजार भाग असेल, आणि तसा तो सहज असतो, तर त्यातला ९९ टक्के काढावा लागतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘सतत’ योजनेत अशा दाबाखालच्या बायोगॅसचे ५ हजार प्रकल्प उभे करायचे ठरले होते. ठरलेल्या मुदतीत देश त्या आकड्याच्या आसपासही पोचला नाही. आता शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के बायोगॅस मिसळण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने येत आहे. मागणी आहे, प्रश्न रोज त्याच प्रतीचा गॅस देण्याचा आहे.

रोज तीच प्रत देणे बुलढाण्यात का अवघड, हे इथल्या शेतीकडे पाहिले की समजते. ऑक्टोबरात सोयाबीनचे कुटार निघते, वेचण्या संपल्या की पऱ्हाटी उपटली जाते, मग तुराट्या येतात. शेण वर्षभर असते, पण जनावरे चरायला गेली की कमी, पावसाळ्यात पातळ. सण-उत्सवात आणि लग्नसराईत उरलेल्या अन्नाचा लोंढा येतो. या प्रत्येक मालाचा गॅस वेगळा. स्टार्च आणि साखर यांच्यापासून हिशेबाने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निम्मे निम्मे मिळतात. तेल-तुपात मिथेनचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास जातो. पऱ्हाटीत लिग्निन इतके असते की तिला आधी बारीक करून मऊ पाडल्याशिवाय जिवाणू तिच्याकडे फिरकत नाहीत. टाकीत एकाएकी जास्त अन्न पडले की आम्ल साठते, सामू घसरतो आणि गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडचा वाटा वाढतो. म्हणून शुद्धीकरणाच्या भांड्यात येणारा कच्चा गॅस आज ६० टक्के मिथेनचा, तर चार दिवसांनी ५४ टक्क्यांचा असू शकतो. एका ठरावीक मिश्रणासाठी बेतलेले यंत्र, ज्याच्या झडपा बसवणाऱ्याने एकदा फिरवून ठेवल्या आणि तो निघून गेला, ते इथे टिकत नाही.

शुद्धीकरणाच्या पायऱ्या एकमेकींपासून सुट्या नसतात, हे न समजल्याने आणखी गोंधळ होतो. हायड्रोजन सल्फाइड काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय घ्या. टाकीच्या वरच्या भागात थोडी हवा सोडायची. तिथले गंधक-जिवाणू हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकाला सुटे करतात आणि टाकीच्या आतून पिवळा थर धरतो. दोन रेणू हायड्रोजन सल्फाइडला एक रेणू ऑक्सिजन पुरतो. गॅसमध्ये दशलक्षात दीड हजार भाग हायड्रोजन सल्फाइड असेल तर हिशेबाने गॅसच्या ०.३६ टक्के इतकी हवा पुरे. प्रत्यक्षात २ ते ६ टक्के हवा दिली जाते, कारण सगळा ऑक्सिजन गंधकाकडेच जात नाही आणि आत किती हायड्रोजन सल्फाइड आहे हे बहुतेक ठिकाणी कुणी मोजत नाही. वास आला की हवा सोडणारा पंखा वाढवायचा, एवढेच नियंत्रण. आता पुढचा हिशेब पाहा. हवेबरोबर आलेला नायट्रोजन पुढच्या कोणत्याही साध्या पायरीत निघत नाही. ६० टक्के मिथेन असलेल्या १०० घनमीटर गॅसमध्ये ४ घनमीटर हवा घातली, तिच्यातला ऑक्सिजन पूर्ण वापरला गेला आणि नंतर कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांपर्यंत खाली आणला, तर अंतिम मिथेन ९१ टक्के भरतो. मानकाला उतरला. हवा ५ टक्के केली तर मिथेन जेमतेम ९० टक्के. ६ टक्के केली तर ८९, म्हणजे नापास. पुढच्या स्क्रबरवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रावर, लाखो रुपये खर्च केले आणि तो चोख चालला, तरी मागच्या पंख्याच्या एका टक्क्याने सगळा माल परत येतो. स्क्रबरचा चालक मात्र आपल्याच यंत्रात दोष शोधत बसतो. या दोन पायऱ्यांना जोडणारे समीकरण कागदावर चार ओळींचे आहे; ते माहीत असेल तर दोष कुठे आहे ते लगेच सापडते. हवेऐवजी ऑक्सिजन देणारे छोटे यंत्र वापरावे की नाही, याचा निर्णयही याच चार ओळींवर होतो.

दुसरे उदाहरण पाण्याच्या स्क्रबरचे. हा आपल्याकडचा ओळखीचा मार्ग. दिल्लीच्या आयआयटीत वीरेंद्रकुमार विजय यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले आहे. दाबाखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या वीस-पंचवीस पट विरघळतो, या एका गुणावर तो चालतो. पण विरघळण्याचे प्रमाण तापमानाबरोबर घटते. तासाला १०० घनमीटर बायोगॅस ८ बार दाबाने धुवायचा आणि त्यात ४० टक्के कार्बन डायऑक्साइड आहे असे धरले, तर २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा तासाला किमान १४ हजार लिटरचा प्रवाह लागतो. पाणी ३५ अंशांचे झाले की हाच आकडा २१ हजारांवर जातो. हे पाणी फिरत राहते, संपत नाही, पण पंपाची वीज दीडपट होते आणि वाढलेल्या पाण्यात मिथेनही जास्त विरघळून निसटू लागतो. निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापमानवाढ करतो, म्हणजे ज्या कारणासाठी प्रकल्प उभा केला तेच कारण गळतीतून वाहून जाते. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे हवा त्या मानाने सौम्य असते. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूरकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. कूलिंग टॉवर बसवला तर कोरड्या हवेत पाणी चांगले थंड होते, पण ते पाणी उडवूनच. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्ट्यात येतो. तिथले भूजल उडत गेले की मागे क्षार साठतात आणि नळ्या-भरावावर बसतात. म्हणून पुण्याच्या किंवा दिल्लीच्या हिवाळ्यात तपासलेला स्क्रबर संग्रामपूरच्या उन्हाळ्यात त्याच झडपांवर चालवता येत नाही. त्याला दिवसाच्या तापमानाप्रमाणे पाणी आणि दाब बदलणारे नियम हवेत. हे नियम अनुभवाने दोन-तीन उन्हाळे वाया घालवूनही शिकता येतात, किंवा विद्राव्यतेच्या समीकरणातून आधीच काढता येतात.

प्रारूप म्हणजे नेमके काय, ते इथे सांगायला हवे, कारण या शब्दाने उगाच दडपण येते. भांड्यात किती पदार्थ आला, किती बाहेर गेला, किती बदलला आणि किती साठला, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च म्हणजे प्रारूप. त्यात तीन प्रकारचे ज्ञान असते. पहिले वस्तुमानाचे: कार्बनचा एकही अणू हरवत नाही. दुसरे गतीचे: जिवाणू किती वेगाने खातात. झाक मोनो यांनी १९४९ मध्ये मांडलेले सूत्र अजूनही इथे पाया मानले जाते. अन्न कमी असेल तर वेग अन्नाच्या प्रमाणात, अन्न मुबलक झाले की वेग एका कमाल मर्यादेवर थबकतो. तिसरे वायू पाण्यात उतरण्याचे: जिवाणू पाण्यात राहतात, वायू वर असतो, आणि वायू पाण्यात शिरण्याचा वेग मर्यादित असतो. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले एडीएम-१ हे प्रारूप यांतले बरेच काही एकत्र बांधते, पण त्यात इतकी अज्ञाते आहेत की चालकाच्या हाती ते द्यावे असे नाही. ओलिव्हिए बर्नार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेले दोन पायऱ्यांचे प्रारूप सहा बदलत्या राशींवर भागवते, आणि ते मुद्दाम नियंत्रणासाठीच केलेले आहे. यातला धडा मोलाचा आहे. वैज्ञानिकाला समजून घेण्यासाठी मोठे प्रारूप लागते. यंत्र चालवण्यासाठी लहान पुरते. मोठ्या प्रारूपाचे काम असे की लहानात काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते ठरवून द्यावे.

या सगळ्याची सर्वांत कठीण परीक्षा लोणारच्या गाळातल्या क्रियेत होते. तिला जैविक मिथेनीकरण म्हणतात. एक रेणू कार्बन डायऑक्साइड आणि चार रेणू हायड्रोजन मिळून एक रेणू मिथेन आणि दोन रेणू पाणी होते. पॉल साबातिए यांनी निकेलवर शेकडो अंश तापमानाला ही क्रिया घडवून दाखवली. त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले. सूक्ष्मजीव ती ३७ ते ६५ अंशांत करतात. इतर पद्धती कार्बन डायऑक्साइड काढून हवेत सोडतात, ही त्याचे इंधन करते, म्हणून तिचे आकर्षण. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ आवेडोरे इथे सांडपाणी केंद्रात २०१६ मध्ये एक मेगावॅटचा असा प्रकल्प चालवून पाहिला गेला. अडथळा पहिला: हायड्रोजन पाण्यात फारच थोडा विरघळतो, खोलीच्या तापमानाला लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे रेणूंच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या चाळीसाव्या भागाएवढाही नाही. सूक्ष्मजीव भुकेले असतात आणि हायड्रोजन त्यांच्या डोक्यावरून बुडबुड्यातून निघून जातो. म्हणून भरावावरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळत ठेवणारी उभी भांडी वापरतात, ज्यात वायूला पाण्याचा पृष्ठभाग भरपूर मिळतो. अडथळा दुसरा: हायड्रोजन थेट शेणाच्या टाकीत सोडला तर कार्बन डायऑक्साइड खाल्ला जाऊन सामू साडेआठच्या वर जाऊ शकतो, आणि हायड्रोजनचा दाब वाढला की प्रोपियोनिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंचे काम थांबते. टाकी आजारी पडते. क्षारधर्मी पाण्यात राहणाऱ्या लोणारच्या जिवांकडे संशोधकांनी लक्ष द्यावे, त्याचे एक कारण या दुसऱ्या अडथळ्यात आहे.

नियंत्रणाची खरी गंमत चारास एक या प्रमाणात आहे. १०० घनमीटर बायोगॅसमध्ये ४० घनमीटर कार्बन डायऑक्साइड आहे असे धरून आपण १६० घनमीटर हायड्रोजन देत आहोत. टाकीत माल बदलला आणि कार्बन डायऑक्साइड ३८ वर आला. आता १५२ च हायड्रोजन लागतो. ८ घनमीटर उरतो आणि बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये साडेसात टक्के हायड्रोजन मिसळतो. वाहनांच्या टाक्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत उच्च ताकदीच्या पोलादासाठी हायड्रोजनची मर्यादा २ टक्के आहे, कारण तो पोलादाला ठिसूळ करतो. उलट, कार्बन डायऑक्साइड ४२ झाला तर काय होते? १६० हायड्रोजन ४० ला पुरतो, २ टक्के कार्बन डायऑक्साइड शिल्लक राहतो आणि गॅस मानकात बसतो. चूक दोन्हीकडे दोनच टक्क्यांची; एका बाजूला धोका, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणून नियंत्रकाने अचूक चारास एकचा हट्ट न धरता मुद्दाम किंचित कमी हायड्रोजन द्यावा, आणि गॅसचे मिश्रण जितके चंचल तितके हे अंतर जास्त ठेवावे. हा निष्कर्ष कोणत्याही महागड्या यंत्रातून आलेला नाही. तो पाटीवरच्या बेरीज-वजाबाकीतून आला आहे, आणि तरी तो हाती नसेल तर अनुभवी चालकही ‘बरोब्बर चारपट’ देण्याच्या मोहात पडेल.

प्रारूपाचा आणखी एक उपयोग असा की ते न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्यावरून सांगते. भांड्यात सूक्ष्मजीव किती आणि कोणत्या दमात आहेत हे रोज मोजणे शक्य नाही. पण वर सांगितलेल्या क्रियेत पाच भाग वायूचा एक भाग होतो, बाकी पाणी. ६० मिथेन, ४० कार्बन डायऑक्साइड आणि १६० हायड्रोजन असा २६० घनमीटर वायू आत गेला तर क्रिया पूर्ण झाल्यावर कोरडा वायू १०० घनमीटरच बाहेर यायला हवा. क्रिया ९० टक्क्यांवर थांबली तर तो ११६ येईल. म्हणजे साधी दोन गॅसमीटरे, एक आत आणि एक बाहेर, तापमान-दाबाची दुरुस्ती करून वाचली तर सूक्ष्मजीवांची प्रकृती कळते. महाग विश्लेषक आठवड्यातून एकदा आणून पडताळा घ्यावा. रोजचे काम मीटरे करतील. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये दिलेली पद्धत याच कल्पनेचे नीटस रूप आहे: प्रारूपाचा अंदाज आणि मीटरचे वाचन यांत फरक पडला की दोघांवर किती विश्वास ठेवायचा ते तोलून अंदाज सुधारायचा. त्यात वेळेचे भानही येते. शेणाची टाकी आठवड्यांच्या चालीने बदलते, शुद्धीकरणाचे भांडे मिनिटांच्या. दोघांना एकाच घाईने हाताळले तर एकतर टाकी सतत ढवळली जाते किंवा भांडे हाताबाहेर जाते.

उष्णतेचा हिशेबही परदेशातून उचलून चालत नाही. तासाला १०० घनमीटर बायोगॅस जैविक मिथेनीकरणाने शुद्ध केला तर भांड्यात सुमारे सव्वाशे किलोवॅट उष्णता निर्माण होते. डेन्मार्कच्या थंडीत ती घरे तापवायला वापरता येते. नांदुऱ्याच्या मे महिन्यात ती बाहेर काढायची कशी हा प्रश्न आहे. ३७ अंशांवर काम करणारे सूक्ष्मजीव ठेवले तर बाहेरची हवाच त्यांच्यापेक्षा गरम. मग बर्फगार पाणी किंवा कूलिंग टॉवर आले. ६० अंशांना आनंदाने जगणारे उष्णताप्रिय जीव घेतले तर ४४ अंशांची हवासुद्धा थंडच ठरते आणि पंख्यावर चालणारा कोरडा रेडिएटर भागवतो, पाण्याचा थेंब न उडवता. युरोपात ६० अंशांच्या बाजूने किंवा विरोधात जी कारणे दिली जातात त्यांत पाण्याचा उल्लेख क्वचितच येईल. इथे निवड त्यावरच व्हावी.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप हायड्रोजनच्या किमतीचा आहे, आणि तो बरोबर आहे. पाण्यापासून एक घनमीटर हायड्रोजन काढायला साडेचार ते पाच युनिट वीज लागते. एक घनमीटर बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड संपवायला १.६ घनमीटर हायड्रोजन, म्हणजे सात ते आठ युनिट. मिळणारा जादा मिथेन ०.४ घनमीटर, त्यातली ऊर्जा चार युनिटांची. वजनाने तो २९० ग्रॅमच्या आसपास. ‘सतत’ योजनेच्या सुरुवातीच्या किलोमागे ४६ रुपये भावाने त्याचे तेरा रुपये होतात. वीज युनिटमागे पावणेदोन रुपयांच्या आत पडली तरच, तीही यंत्राचा खर्च न धरता, गणित जुळते. भाव पुढे वाढले आहेत, पण चित्र पालटण्याइतके नाहीत. म्हणून आज बुलढाण्यात कुणी जैविक मिथेनीकरणाचा व्यापारी प्रकल्प टाकावा असे मी म्हणणार नाही. दुपारच्या सौर विजेला गिऱ्हाईक नसेल अशी वेळ आणि जागा जिथे असेल तिथे लहान प्रमाणावर ते शिकावे, एवढेच. पण हा आक्षेप माझ्या मूळ म्हणण्याला लागत नाही. हवेच्या पंख्याचा आणि उन्हाळी पाण्याचा हिशेब हायड्रोजनशिवायचा आहे, तो आजचा आहे, आणि त्याला लागणारी साधने तीच आहेत.

दुसरा आक्षेप असा की जिवंत जीव गणिताला जुमानत नाहीत; आज बसवलेले प्रारूप सहा महिन्यांनी खोटे ठरते. हेही खरे. गाळातले जीव बदलतात, भरावावर थर चढतो, माल बदलतो. पण नियंत्रणासाठी प्रारूप तंतोतंत खरे असण्याची गरज नसते. कोणती झडप फिरवली की काय कोणत्या दिशेने आणि साधारण किती हलेल, एवढे त्याने सांगितले तरी उरलेली चूक मोजमाप भरून काढते. शिवाय प्रारूप आणि मीटर यांतली तफावत वाढत जाणे हीच बिघाडाची पहिली खूण असते. प्रारूप नसलेल्या चालकाला ही खूण दिसत नाही; त्याला थेट नापास झालेला गॅस दिसतो.

तिसरा आक्षेप माणसांचा. तालुक्याच्या गावात हे चालवणार कोण? या आक्षेपात ग्रामीण भागाविषयी उगाच अविश्वास आहे. गावची दूध डेअरी पाहावी: सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाचे फॅट लागते, त्यावर भाव ठरतो, आणि ते यंत्र गावातलाच पोरगा चालवतो. कुणाला त्यात काही अवघड वाटत नाही, कारण मापावर पैसा अवलंबून आहे. गॅसचे मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि प्रवाह ही तीन मापे त्याहून कठीण नाहीत. खामगावच्या औद्योगिक वसाहतीत उपकरणे सांभाळणारे कारागीर आहेत. शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. रसायन, विद्युत आणि संगणक यांच्या सीमेवरचा असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना हवाच असतो. लोणारचे सरोवर २०२० पासून रामसर यादीतली संरक्षित पाणथळ जागा आहे आणि अभयारण्यही. तिथला गाळ कुणी बादलीने उचलून आणू नये, कायद्याने तो आणताही येणार नाही. पण जीवसंग्रह सांभाळणाऱ्या पुण्याच्या संस्थांकडून रीतसर परवानगीने असे जीव मागवून इथल्या तापमानाला, इथल्या मालावरच्या गॅसवर त्यांची गती मोजणे हे काम जिल्ह्यातच व्हायला हवे. मोनोच्या सूत्रात घालायचे आकडे दुसऱ्या देशाच्या तक्त्यातून घेतले तर प्रारूप दुसऱ्या देशाचेच राहील.

जिल्ह्यात उद्या जो कुणी असा प्रकल्प मांडेल, मग ती शेतकरी उत्पादक कंपनी असो, नगरपालिका असो की खासगी उद्योजक, त्याने यंत्र विकणाऱ्याला पाच गोष्टी लेखी विचाराव्यात: मे महिन्यातल्या पाण्याच्या तापमानाला तुमचा स्क्रबर किती गॅस शुद्ध करतो, कच्च्या गॅसमध्ये मिथेन ५४ टक्क्यांवर आला तर काय होते, हवेचा पंखा कशाच्या मापावर चालतो, निसटलेला मिथेन कुठे मोजला जातो, आणि ही सगळी मापे वर्षभर नोंदवून आमच्याच हाती राहतील का. उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये. आणि ज्यांचे प्रकल्प आधीच उभे आहेत त्यांनी निदान आत एक आणि बाहेर एक असे दोन मीटर बसवून आजपासून वही घालावी.